गोव्यात राहून मराठीत लिहू पाहणाऱ्यांसाठी

भरपूर लिहिणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारतात: एवढे विषय सुचतात कुठून? शाळेतल्या मुलांनी विचारला, फोंड्याच्या बाजारात मासे घेताना ओळखीच्या बाईने विचारला, आणि हल्ली कथा लिहायला लागलेली तरुण मुलं फोन करून विचारतात. मी कथा लिहिल्या, मुलांसाठी पुस्तकं लिहिली, पणजी आकाशवाणीसाठी नभोनाट्यं लिहिली, कादंबऱ्याही लिहिल्या. त्या सगळ्यानंतर माझं मत असं झालंय की विषय मिळणं हा लिहिण्यातला सोपा भाग आहे. आपला विषय हातात असताना तो बाजूला ठेवून दुसऱ्यांना हवं ते लिहीत सुटणं, यातून वाचणं कठीण. माझी उमेदीची वर्षं त्यात गेली, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगते.

मी अंत्रुज महालातली. फोंडा तालुक्यात आमचं कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग. आमच्या घरातून समुद्र दिसत नाही, त्याचा आवाजही येत नाही. मुंबईचे पाहुणे आले की त्यांना घेऊन मिरामारला जायचं, एवढाच लहानपणी समुद्राशी संबंध. दिवाळी अंकाला पाठवलेली माझी पहिली कथा पाटाच्या पाण्यावर होती. उन्हाळ्यात झरीचं पाणी कमी झालं की कुळागरांमध्ये पाळ्या लावतात. कोणाची पाळी कधी सुरू होते आणि कधी संपते यावरून सख्खे चुलतभाऊ बोलेनासे होतात. माझ्या कथेतली म्हातारी रात्री कंदील घेऊन पाटाचा बांध फोडायला जाते. कथा साभार परत आली. सोबत सभ्य शब्दांत लिहिलेलं पत्र होतं: लेखन चांगले आहे, परंतु गोव्याचे वातावरण अधिक यावे.

ते वातावरण मी आणलं. पुढच्या कथेत समुद्रकाठचं घर, चर्चची घंटा, तावेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, बसलेला म्हातारा वादक आणि त्याचं जुनं व्हायोलिन. कथा छापून आली, मानधन आलं, पुढच्या वर्षी त्याच अंकाकडून 'गोव्याची एक कथा द्या' असं बोलावणंही आलं. मग दुसऱ्या अंकाचं आलं. अशा कथा मी किती लिहिल्या ते मोजलेलं नाही, पण त्यातली एकही आज पुन्हा वाचावीशी वाटत नाही.

हे होतं कसं, ते नीट समजून घ्या. तुम्हाला कोणी खोटं लिही असं सांगत नाही. कौतुक होतं, आणि कौतुक कशाचं होतंय हे तुमच्या मनात नोंदलं जातं. मग तुम्ही गावातून चालत असता तेव्हा नजर त्याच गोष्टींवर थांबायला लागते, ज्या मुंबई-पुण्याच्या वाचकाला आवडतील. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा ऐकू येतो, पण त्याच रस्त्यावर सुपारीचा भाव पडला म्हणून वैतागून बोलणारी माणसं ऐकू येत नाहीत. पुढे आठवणीसुद्धा त्याच चाळणीतून येऊ लागतात. आजीचा विचार केला तर तिची नऊवारी आणि तिच्या हातची सोलकढी आठवते. ती सावकाराला काय म्हणाली ते आठवत नाही. लेखकाचं सगळं भांडवल आठवणीत असतं आणि ते असं हळूहळू, टाळ्यांच्या आवाजात निघून जातं. म्हणून मला हा सापळा पैशांच्या फसवणुकीहून वाईट वाटतो. फसवणूक निदान लक्षात तरी येते.

एक कसोटी देते. तुमच्या कथेची पहिली दोन पानं घ्या आणि त्यातून समुद्र, माड, फेणी, चर्चची घंटा, पोदेर एवढं पेन्सिलीने खोडा. उरलेल्या मजकुरात कोणी काम करतंय का? कोणाला कोणाचे पैसे द्यायचे आहेत का? कोणी कोणापासून काही लपवतंय का? यातलं काहीच नसेल तर कथा अजून सुरू झालेली नाही, कितीही सुंदर लिहिलेली असो.

म्हणजे समुद्रावर लिहूच नये, असं अजिबात नाही. किनाऱ्यावरून मोठं जाळं, म्हणजे रापण, ओढून मासे पकडणाऱ्या रापणकाराच्या घरात वाढलेल्या मुलाने रापणीवर जरूर लिहावं. ट्रॉलर आल्यावर त्याच्या आजोबांच्या जाळ्यात काय उरलं, सत्तरच्या दशकात रापणकार रस्त्यावर का उतरले, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तो समुद्र कामाचा समुद्र आहे. त्यावरची कथा मी आनंदाने वाचेन.

आपल्याकडे पूर्वी हे झालेलं आहे, त्यामुळे धीर धरा. महादेवशास्त्री जोशी सत्तरी तालुक्यातल्या आंबेड्याचे. त्यांच्या कथांमधला गोवा देवळांचा, भिक्षुकीवर चालणाऱ्या घरांचा आणि मुकाट सोसणाऱ्या बायकांचा आहे, आणि तो महाराष्ट्रभर वाचला गेला. एवढं कथालेखन करून त्याच माणसाने भारतीय संस्कृतिकोशाचे दहा खंड उभे केले. सावईवेऱ्याच्या लक्ष्मणराव सरदेसायांनी शेकडो कथा लिहिल्या. कवी बा. भ. बोरकरांनी मराठीत लिहिलं, कोकणीतही लिहिलं, आणि दोन्हीकडे मनापासून लिहिलं. गोव्यातून मराठीत लिहिणाऱ्याला कमी वाचक मिळतात अशी तक्रार मी खूप ऐकते. ती खरीही आहे. पण ती सांगत बसण्यापेक्षा या तिघांचं वाचा.

आता विषय कुठून येतात ते सांगते. माझा सगळ्यात मोठा झरा म्हणजे वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिसा. हसू नका. गोव्यातल्या दैनिकांत वारसाहक्काच्या नोटिसा येतात. अमुक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले, मागे अर्ध्या हिश्शाची मालकीण म्हणून पत्नी, आणि वारस म्हणून मुलगे, सुना, मुली, जावई. इथल्या कायद्याने लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक असते, म्हणून सुना-जावयांची नावंही त्यात येतात. अशी एक नोटीस हळूहळू वाचून पाहा. एक मुलगा लिस्बनला. एक 'अविवाहित', आईजवळ राहणारा. एका मुलीने आणि तिच्या नवऱ्याने हक्क सोडल्याचं लिहून दिलंय. सगळ्या भावंडांत तिनेच का सोडला? प्रेमाने, रागाने, की नवऱ्याने सांगितलं म्हणून? सही करायला ती एकटी आली की भाऊ गाडी घेऊन न्यायला गेला? त्या पंधरा ओळींत कादंबरी असते. फक्त एक पाळा: नावं, गाव, नात्यांची संख्या, सगळं बदला. नोटीस ही तुमची सुरुवात आहे, त्या कुटुंबाचं घर उघडं करण्याचा परवाना नाही. नाव बदलल्याच्या नोटिसाही अशाच वाचा. आडनाव बदलणाऱ्या माणसाच्या मागे कधीकधी दोन पिढ्यांची गोष्ट असते.

दुसरा झरा म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेल्या घटनेची कोणी न पाहिलेली बाजू. साळावली धरणात कुर्डी गाव बुडाला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की जमीन वर येते, लोक सोमेश्वराच्या देवळाशी जमतात, आणि दर मे महिन्यात त्यावर ओलावलेल्या डोळ्यांचे लेख येतात. माझी तक्रार त्या डोळ्यांबद्दल नाही, लेखांबद्दल आहे. तिथल्या ज्या लोकांना वाडे आणि वालकिणी या गावांत वसवलं, त्यांच्या तिथल्या पहिल्या पावसाळ्याचं काय? कोणाच्या शेजारी कोणाचा प्लॉट आला? जुन्या गावात ज्यांच्या अंगणात पाऊल टाकायची मुभा नव्हती ते आता भिंतीला भिंत लावून राहायला लागले तेव्हा काय झालं? तसंच खाणींचं. 2012 च्या सप्टेंबरात लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि सांगे, डिचोली, सत्तरीतल्या अंगणांत ट्रक उभे राहिले. त्यावर बातम्या पुष्कळ झाल्या. उभ्या ट्रकच्या हप्त्यासाठी ज्या सुनेच्या बांगड्या मोडल्या, तिची कथा अजून मला वाचायला मिळायची आहे. तुम्ही त्या भागातले असाल तर ती तुमची आहे, मला विचारायला थांबू नका.

जुनं काही शोधायचं असेल तर पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जा. 1832 साली सुरू झालेली ही संस्था आहे, आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळण्यात घालवलेली सकाळ कुठल्याही लेखन कार्यशाळेपेक्षा जास्त देऊन जाते.

कानाची तयारी मात्र पुस्तकांतून होत नाही. माझी झाली ती जत्रेतल्या नाटकांत. आमच्याकडे देवळाच्या उत्सवात गावचीच माणसं मराठी नाटक करतात. कोकणीत भांडणारा, कोकणीत हसणारा माणूस रंगमंचावर चढला की मराठीत बोलतो. विंगेत उभी राहून मी प्रॉम्प्टिंग करायची. कोणतं वाक्य नटाच्या तोंडात बसतं आणि कोणतं दर प्रयोगाला अडकतं हे तिथे कळलं. पुढे आकाशवाणीवर एक वयस्क निर्माते भेटले. ते कधी खोडायचे नाहीत. संहिता परत द्यायचे आणि म्हणायचे, "ताई, हे वाक्य जरा मोठ्याने म्हणून दाखवा." मी म्हणायला लागले की माझं मलाच कळायचं.

मार्गदर्शक असा हवा. तुमचं वाक्य खोडून स्वतःचं लिहिणाऱ्या गुरूपासून लांब राहा, मग तो कितीही मोठा असो. त्याच्या हाताखाली पाच वर्षांनी तुम्ही त्याच्यासारखं, पण त्याच्याहून थोडं कमी चांगलं लिहाल. प्रस्तावना मिळवण्यासाठी कोणाच्या मागे फिरू नका. स्पर्धेच्या विषयांवर वर्षभर लिहीत राहू नका. आणि संगणकाला विषय सांगून कथा लिहून घ्यायची सोय आता झाली आहे, तिच्याबद्दलही स्पष्टच सांगते: सुरुवातीच्या वर्षांत तिला हात लावू नका. वाईट कथा स्वतः लिहिण्यातून जे हाताला लागतं ते दुसऱ्या कुठल्याही मार्गाने लागत नाही, आणि तुमची वाईट कथा लिहिण्याचा हक्क तुम्ही दुसऱ्याला का द्यावा?

संवाद कोकणीत लिहायचे की मराठीत, हे अनेकजण विचारतात. पात्राच्या तोंडी जे आपोआप येतं ते येऊ द्या, संदर्भाने वाचकाला कळतं. त्यावरून भांडायला खूप लोक आहेत, तुमच्याकडे तेवढा वेळ नसावा.

रोज लिहा हे सगळेच सांगतात, मीही सांगते. नोकरी, घर, आजारी सासू, सगळं सांभाळून मी लिहिलंय, तेव्हा वेळ नाही हे कारण मला पटत नाही. पण एखादा महिना काहीच झालं नाही तर जीव खाऊ नका. माझे असे महिने गेलेत आणि नंतरही लिहिणं परत आलंय. घरात मरण झालं, लग्न झालं, पाऊस खूप लागला, नाही लिहिलं जात. चालतं.

शेवटी कागदपत्रं. पुस्तक निघणार म्हटल्यावर माणूस आनंदाने कशावरही सही करतो. माझ्या एका बालकथासंग्रहाच्या करारात 'सर्व हक्क कायमस्वरूपी' असं होतं. पुस्तक आज बाजारात नाही, ते पुन्हा काढायची प्रकाशकाची इच्छा नाही, आणि मला काढता येत नाही. शाळांतून मागणी येते तेव्हा जीव तुटतो. म्हणून सही करण्याआधी कॉपीराइट कायदा, 1957 याचं कलम 19 शांतपणे वाचा. हक्क द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात; कोणते हक्क, किती काळ, कुठल्या प्रदेशासाठी, किती मोबदल्यात हे त्यात यायला हवं. मुदत लिहिलेलीच नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. घेतलेले हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरले नाहीत तर ते तुमच्याकडे परत येतात, करारात वेगळं म्हटलेलं नसेल तरच. हा 'तरच' तपासा. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षं हक्क टिकतो, म्हणजे तुमच्या नातवंडांचाही त्यात वाटा आहे. पुस्तक, ई-पुस्तक, ऑडिओ, चित्रपट हे वेगवेगळे लिहून घ्या आणि मुदत घालायला सांगा. चांगला प्रकाशक याला नाही म्हणत नाही. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका, तो भारतात मोफत मिळतो आणि लेखकाला स्वतःही मागता येतो.

दिवाळी अंकांसाठी कथा पावसाळा सुरू होईपर्यंत तयार असू दे. गणपतीनंतर पाठवलेलं क्वचितच वाचलं जातं. मजकूर युनिकोडमध्ये द्या, जुन्या फॉन्टमधून बदलताना रफार आणि जोडाक्षरं तुटतात, म्हणून सोबत पीडीएफही जोडा. आणि कथा परत आली तर दुरुस्तीच्या नावाखाली ती कपाटात ठेवू नका, त्याच आठवड्यात पुढच्या अंकाला पाठवा.