होम थिएटरचा आवाज गेला, चित्र गेलं? रिसीव्हरला दोष देण्याआधी या चुका टाळा

गेल्या दिवाळीत नाशिकला मामाकडे सगळे जमलो होतो. सिनेमा लावला, आवाज जरा वाढवला की रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरना आवाज पुरवणारा डबा, खट् करून बंद! पुढचा दिवा नुसता लुकलुकत राहायचा. "बोर्ड गेलाय," असं बघायला आलेला मेकॅनिक सांगून गेला होता आणि खर्चाचा आकडा ऐकून मामाने विषयच सोडला होता. मी टीव्ही युनिट पुढे ओढून मोबाइलचा टॉर्च मारला. उजव्या स्पीकरच्या वायरीतली केसाएवढी एक तांब्याची तार लाल टर्मिनलमधून, म्हणजे वायर बसवायच्या खाचेतून, सुटून शेजारच्या काळ्याला टेकली होती. आवाज लहान असेपर्यंत निभावत होतं, वाढवला की करंट वाढायचा आणि रिसीव्हर स्वतःला वाचवायला बंद पडायचा. बोर्ड धडधाकट होता.

म्हणून पहिलं काम वायरींचं. प्लग भिंतीतून काढा. वायर सेंटीमीटरभरच सोला, सगळ्या तारांना एकत्र घट्ट पीळ द्या आणि टर्मिनलबाहेर तांबं दिसणार नाही अशी बसवा. लाल ते लाल, काळं ते काळं, दोन्ही टोकांना. एकाच स्पीकरची वायर उलटी बसली तरी आवाज येतो, त्यामुळे चूक वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. पण बास पातळ होतो आणि आवाज समोरून येण्याऐवजी खोलीभर पसरल्यासारखा वाटतो.

तरीही बंद पडत असेल तर प्लग काढून स्पीकरच्या सगळ्या वायरी सोडवा आणि नुसता रिसीव्हर चालू करा. तो चालू राहिला तर दोष वायरीत किंवा स्पीकरमध्ये आहे. मग बंद करून एकेक स्पीकर जोडत जा, गुन्हेगार सापडतो. तापून बंद पडण्याचा प्रकारही आपल्याकडे फार. काचेचं दार लावलेल्या शोकेसमध्ये रिसीव्हर, त्यावर सेट-टॉप बॉक्स आणि वर विणलेला रुमाल! रुमाल काढा, बॉक्स बाजूला ठेवा आणि वर वीतभर जागा मोकळी सोडा.

टीव्हीचा आवाज रिसीव्हरमधून येतच नाही

इथे बहुतेक वेळा केबल चुकीच्या पोर्टमध्ये असते. टीव्हीला तीन-चार एचडीएमआय पोर्ट असले तरी आवाज उलट्या दिशेने रिसीव्हरकडे पाठवणारा साधारण एकच असतो. त्यावर 'एआरसी' किंवा 'ईएआरसी' लिहिलेलं असतं. त्यातली केबल रिसीव्हरच्या 'आउट' पोर्टमध्ये जायला हवी. टीव्हीतून आवाज आत येणार म्हणून लोक ती 'इन'मध्ये खोचतात आणि तिथेच अडकतात.

केबल बरोबर असेल तर दोन्हीकडच्या मेनूत सीईसी (एचडीएमआयने जोडलेली उपकरणं एकमेकांना हुकूम देतात ती सोय) चालू आहे का पाहा. टीव्हीवर हे नाव सापडत नाही, कारण प्रत्येक कंपनीने त्याचं वेगळं बारसं केलंय: सॅमसंगवर एनीनेट प्लस, एलजीवर सिंपलिंक, सोनीवर ब्राव्हिया सिंक.

संवाद ऐकू येत नाहीत, गाणी मात्र कानठळ्या बसवतात

घरातली मोठी माणसं सिनेमा अर्धवट सोडून उठतात ती यामुळेच, आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण इलाज बहुतेकदा फुकट असतो. आधी रिसीव्हरच्या डिस्प्लेकडे पाहा. डॉल्बी डिजिटलऐवजी 'पीसीएम' (साधा डिजिटल आवाज) दिसत असेल तर बहुधा टीव्हीकडून आवाजाचे फक्त दोन चॅनेल, डावा आणि उजवा, येताहेत, आणि रिसीव्हर साध्या स्टीरिओ मोडवर असला तर संवाद ज्यातून येतात तो मधला स्पीकर मुकाच राहतो. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पास थ्रू' करा. सेट-टॉप बॉक्समध्येही स्टीरिओ आणि डॉल्बी असा पर्याय असेल तर तो तपासा. ॲपमधला ऑडिओ ट्रॅकही बघा, कारण तोच सिनेमा मूळ भाषेत ५.१ (पाच स्पीकर आणि एक वूफर) आणि डब केलेल्या भाषेत दोनच चॅनेलचा असू शकतो.

त्यानंतर मधल्या स्पीकरची पातळी २ ते ३ डेसिबलने वाढवा. रात्री पाहणार असाल तर 'नाइट मोड' लावा, तो मोठे आवाज दाबतो आणि बारीक आवाज वर आणतो. छोटे स्पीकर असतील तर मेनूत ते 'स्मॉल' ठेवून क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा आवाज वूफरकडे जातो ती मर्यादा) ८० हर्ट्झवर न्या, म्हणजे बासचा भार वूफरवर जातो. रिसीव्हरसोबत आलेला माइक खोक्यात पडून असेल तर बाहेर काढा. पंखा बंद करून, बसल्यावर कान येतात त्या उंचीवर तो स्टँडवर ठेवा आणि मगच ऑटो सेटअप (माइकने मोजून स्पीकर आपोआप जुळवणारी सोय) चालवा. सोफ्यावर टाकून मोजलेलं माप चुकतं.

ओठ आधी हलतात आणि शब्द नंतर येतो, तेव्हा रिसीव्हरमधला ऑडिओ डिले (आवाज किती उशिरा सोडायचा ते सेटिंग) शून्यावर आणा. उलट असेल, म्हणजे शब्द आधी ऐकू येत असतील, तर तोच डिले थोडा थोडा वाढवत जुळवा.

पडदा काळा, आवाज चालू

प्लेअर, म्हणजे सिनेमा चालवणारा डबा, थेट टीव्हीला जोडून पाहा. चित्र आलं तर केबल बदला, फोरके एचडीआर (जास्त बारकाव्याच्या आणि रंग-उजेडाच्या) चित्रासाठी सेकंदाला १८ गिगाबिटची 'प्रीमियम हाय स्पीड' पुरते. टीव्हीच्या त्या पोर्टचं 'डीप कलर' किंवा 'सिग्नल प्लस'सारखं सेटिंगही चालू लागतं. सगळ्यांचे प्लग पाच मिनिटं काढून आधी टीव्ही, मग रिसीव्हर, शेवटी प्लेअर अशा क्रमाने चालू करा. रिसीव्हर जुना असेल आणि त्यात एचडीसीपी २.२ (कॉपी रोखणारी संरक्षण पद्धत) नसेल तर संरक्षित फोरके चित्र त्यातून पुढे जाणार नाही. तेव्हा तो फेकू नका, प्लेअर टीव्हीला लावा आणि आवाज एआरसीने रिसीव्हरकडे आणा.

सतत 'हूं' असा आवाज येत असेल तर केबलवाल्याची किंवा डिशची गोल वायर क्षणभर काढा. हूं थांबला तर तो अर्थिंगच्या लूपचा, म्हणजे दोन वाटांनी अर्थ जोडला गेल्याचा आहे. टीव्ही, बॉक्स आणि रिसीव्हर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेऊन बघा, नाहीतर त्या वायरीला आयसोलेटर (हा लूप तोडणारा छोटा जोड) लावा. अर्थची पिन तोडायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, त्याने जीव जाऊ शकतो.

स्पीकरच्या सगळ्या वायरी काढूनही रिसीव्हर बंद पडत असेल किंवा जळका वास येत असेल तर झाकण मात्र उघडू नका. आतले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ वीज धरून असतात. वायरी काढण्याआधी मागच्या बाजूचा फोटो घ्या आणि मग रिसीव्हर दुरुस्तीला न्या.