टँकमधली झाडं नेमकं कोण खातंय? माझा अनुभव

कोपरखैरण्याला घरी माशांचा अडीच फुटी टँक आहे, त्यात हौसेने कॅबोम्बा, व्हॅलिसनेरिया आणि एक ॲमेझॉन स्वोर्ड अशी पाण्यातली झाडं लावली आणि आठ दिवसांत कॅबोम्बाच्या नुसत्या काड्या राहिल्या, रोज सकाळी वर हिरवा चुरा तरंगतोय. संशय अर्थातच प्लेकोवर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा), दिसतोच तसा बिचारा.

पण पानं नीट बघितली तर वेगळंच. प्लेको मोठं पान खरवडतो, मग ते पातळ होतं, शिरांची जाळी उरते. इथे स्वोर्डची पानं धड होती आणि व्हॅलिसनेरियाच्या कडा कातरल्यासारख्या. पोटॅशियम कमी पडलं तरी पानांना भोकं पडतात, पण त्याने चुरा तरंगत नाही ना!

मग प्लॅस्टिकची जाळी कापून टँकचे दोन भाग केले, झाडं दोन्हीकडे, एका बाजूला प्लेको आणि एंजल मासे, दुसरीकडे सहा ब्युनोस आयर्स टेट्रा मासे. तीन दिवसांत टेट्रांची बाजू साफ! सकाळी लाईट लावायच्या आधी टॉर्च मारला तर एक जण पानाचा तुकडा तोंडात धरून पळत होता, मागे बाकीचे पाच. दुकानदार म्हणाला होता, टेट्रा कशालाच हात लावत नाहीत. निऑन टेट्राचं ठीक आहे हो, हे मात्र पक्के पालाखाऊ.

आता कडक पानांचे अनुबियास आणि जावा फर्न लाकडाला दोऱ्याने बांधलेत, त्यांना ते फारसे विचारत नाहीत. शिवाय एक दिवसाआड उकडलेल्या पालकाचं पान टाकतो. बायको म्हणते घरात मी केलेला पालक कोणी खात नाही, निदान हे तरी खातात.