बँड चालू असताना सोलो काम कसं सुरू करावं

गॅरेज रॉक वाजवणारा कुणीही सोलो करायचं म्हटलं की आधी नाव शोधतो, मग फोटो काढायला धावतो. माझं ऐका, आधी ड्रम्सचं ठरवा. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या पोरांनी घरच्या गॅरेजमध्ये, स्वस्त अ‍ॅम्पवर (गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर), दोन-तीन कॉर्ड्सवर हे संगीत उभं केलं. एका खोलीत, एकमेकांकडे बघत वाजवण्यात त्याचा जीव आहे. एक जण जरा पुढे पळतो, दुसरा त्याला गाठतो. सोलोत समोरचं माणूसच नसतं. तेव्हा ही ओढाताण कुठून आणायची, हाच खरा प्रश्न.

कॉम्प्युटरवर ठोक्याला ठोका जुळवलेले ड्रम्स मला चालत नाहीत. गाणं स्वच्छ होतं आणि तिथेच मरतं. त्यापेक्षा एक ड्रमर बोलवा आणि गिटार-ड्रम्स एकत्रच, सलग वाजवून रेकॉर्ड करा. बास नसला तरी बिघडत नाही. द व्हाइट स्ट्राइप्सच्या जॅक आणि मेग व्हाइट दोघांनीच तर गिटार आणि ड्रम्सवर आख्खा बँड चालवला. आमच्या बडोद्यात गरब्याला रात्र-रात्र वाजवणारी पोरं आहेत, त्यांच्याइतका दम कुणाकडे नाही. फक्त गरब्याचा ‘हींच’ ताल सहा मात्रांचा आणि आपलं काम चारांचं, म्हणून त्यांच्याशी बोलणं चार-चारांत चालणाऱ्या कहरवा तालापासून सुरू करा. वळणावळणावर फिल, म्हणजे मधली जागा भरणारे जादा ठोके, टाकायची त्यांना सवय असते. ‘इथे काही वाजवू नकोस’ हे प्रेमाने, पण स्पष्ट सांगा. आणि नवरात्रीच्या आधीचा महिना धरू नका. तेव्हा वादक, साऊंडवाले, स्पीकर, काहीच मोकळं नसतं.

गाण्यांची वाटणी मग. बँड चालू आहे, तर बँडमधल्यांना तुमच्या तोंडून कळायला हवं, दुसऱ्याकडून नाही. सगळ्यांना सेवउसळ खायला बोलवा आणि तिथेच सांगा. ब्लॅक कीज हा बँड चालू असतानाच त्याचा गायक-गिटारवादक डॅन ऑरबाखने २००९ मध्ये सोलो अल्बम काढला, आणि बँड पुढेही चालला. पण गाणी कुणाची, हे त्याच बैठकीत लिहून काढा. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण हे तीन वेगळे हक्क आहेत. चाल दोघांनी बसवली असेल तर ती एकट्याची नाही, आणि बँडचं जुनं रेकॉर्डिंग तर सोलोच्या नावावर टाकायचंच नाही. मी साधा नियम ठेवला आहे: जी चाल सरावाच्या शेडमध्ये झाली ती बँडची, जी दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीत झाली ती माझी.

रेकॉर्डिंगसाठी मोठा स्टुडिओ लागत नाही. दहा-पंधरा वॅटचा छोटा अ‍ॅम्प घ्या आणि आवाज वाढवत न्या, तो स्वतःहून फाटायला लागेपर्यंत. मोठा अ‍ॅम्प हळू वाजवून तो आवाज येत नाही. एसएम ५७ सारखा साधा डायनॅमिक माइक अ‍ॅम्पच्या जाळीला जवळजवळ टेकवा, स्पीकरच्या बरोबर मध्यावर नको, थोडा बाजूला. मध्यावर आवाज टोचतो, कडेला गेलं की बसका होतो. बोटभर सरकवत ऐका, जागा सापडते. ड्रम्सला दोन माइक पुरे: एक किकपुढे (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), एक ड्रमरच्या उजव्या खांद्यावरून स्नेअरकडे (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) बघणारा. कॉम्प्युटरवरच्या मीटरमध्ये रेकॉर्डिंगची लेव्हल उणे दहा डेसिबलच्या आसपास ठेवा. फाटायचं काम अ‍ॅम्पने करायचं, माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या इंटरफेसने नाही.

वेळ सकाळची धरा. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली बसवत नाही आणि पंखा लावला की माइकमध्ये घरघर येते. रात्री दहा ते सकाळी सहा निवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. ड्रम्स त्यात बसणं शक्यच नाही. शेजारच्या आजींना आदल्या दिवशी सांगून या. आमच्याकडे त्या स्वतःच विचारतात, ‘आज किती वाजेपर्यंत गं?’

तीन-चार टेक घ्या, म्हणजे गाणं तीन-चारदा सलग रेकॉर्ड करा, आणि सगळ्यात जिवंत वाटेल तो ठेवा, चूक असली तरी. एका टेकचं कडवं दुसऱ्याला जोडू नका. गाताना ओरडताय तिथे माइकपासून मागे सरका, म्हणजे मिक्समध्ये आवाज दाबत बसावा लागत नाही.

बाहेर काढताना एकच गाणं आधी. गाणं स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या वितरण सेवेकडे तीन-चार आठवडे आधी फाइल द्या. स्पॉटिफायच्या संपादकांना गाणं सुचवायचं तर निदान सात दिवस आधी ते त्यांच्याकडे पोचलेलं लागतं. गाणं मराठी असेल तर नाव देवनागरीतच द्या आणि भाषेच्या रकान्यात मराठी निवडा. चाल आणि शब्द लिहिणाऱ्यांची नावं तेव्हाच भरा, नंतर बदलणं कटकटीचं होतं.

पहिला कार्यक्रम छोट्या जागेत करा, तुम्ही आणि ड्रमर, सहा-सात गाणी. बँडमधल्यांना पुढच्या रांगेत बसवा. त्यांच्यापैकी कुणी शेवटच्या गाण्याला बास घेऊन चढतो म्हणाला तर केबल आधीच तयार ठेवा.