कार्टव्हीलमध्ये पाय वाकडे जातात? आधी हात बघा

दर उन्हाळ्यात तेच. माझ्या जिम्नॅस्टिक्सच्या शिबिराच्या पहिल्या दिवशी एखादी आई मोबाइल पुढे करते, "ताई, हिला कार्टव्हील येते हं." कार्टव्हील म्हणजे एकामागून एक हात टेकून, पाय डोक्यावरून नेत चाकासारखं बाजूला फिरणं. व्हिडिओत मूल बेडकासारखे दोन्ही हात एकदम जमिनीवर टाकतं, कंबर जेमतेम उचलतं, पाय बाजूने गरगर फिरवून पलीकडे आपटतं आणि हात वर करून हसतं. मीही हसते. पुढचे दोन महिने ती ‘येणारी’ कार्टव्हील मोडण्यात जाणार असतात. त्यापेक्षा काहीच न येणारं मूल मला परवडतं.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे पाय डोक्यावरून न जाता बाजूने जाणं. आणि त्यावरचा सगळ्यात निरुपयोगी उपाय म्हणजे "पाय सरळ! पाय वर!" असं ओरडणं. मी स्वतः तो पुष्कळ वर्षं केला आहे.

एक नऊ वर्षांची मुलगी आली होती. आधी कुठेतरी स्नेहसंमेलनातल्या नाचासाठी पंधरा दिवसांत कार्टव्हील ‘बसवून’ घेतलेली. अंग लवचीक, ताकद बरी, ऐकणारी. पण पाय काही वर जाईनात. मी महिनाभर पायांच्याच मागे. पाय फाकवण्याचे व्यायाम झाले, भिंतीला धरून लाथा मारून झाल्या. एरवी पाय कानाला लागायचा, कार्टव्हील करायला सांगितली की पहिले पाढे पंचावन्न. शेवटी एक दिवस वैतागून तिच्या तळव्यांना आणि तळपायांना चॉक पावडर फासली आणि निळ्या मॅटवर एकच कार्टव्हील करायला लावली. ती बाजूला झाल्यावर मी खाली वाकून ठसे पाहिले. दोन्ही पंजे शेजारीशेजारी, एकाच वेळी टेकलेले आणि पुढच्या पायापासून जेमतेम एक वीत लांब. एवढ्याशा जागेत अंग घडी होणारच. कंबर खांद्यांवर यायला वाटच नव्हती, मग पाय बिचारे बाजूने न जाऊन करतील काय? महिनाभर मी पायांना शिव्या देत होते आणि गुन्हेगार हात होते.

तेव्हापासून माझ्याकडे चॉकची रेघ आल्याशिवाय कार्टव्हील होत नाही. रेघेवर उभं राहायचं, लांब पाऊल टाकायचं, पुढचा गुडघा वाकवायचा, मागचा पाय आणि पाठ एका रेषेत ठेवून अंग लांबवायचं आणि हात जिथे पोहोचेल तिथे टेकायचा. डावा पाय पुढे असेल तर आधी डावा हात, मग उजवा. पहिला पंजा रेघेला आडवा, दुसऱ्याची बोटं पहिल्याकडे वळलेली. उतरताना आधी उजवा पाय, मग डावा. हात-हात-पाय-पाय, चार वेगळे आवाज. मी बऱ्याचदा पाठ फिरवून नुसतं ऐकते. ‘धप्, टप-टप’ ऐकू आलं की हात एकदम पडलेत, बघायची गरज नाही.

त्या मुलीची कार्टव्हील मी तीन आठवडे पूर्ण बंद केली. घरीसुद्धा करायची नाही, मैत्रिणींना दाखवायची नाही. त्याऐवजी रोज पोट भिंतीकडे करून हातांवर उभं राहायचं, आधी दहा सेकंद, मग वाढवत तीस. मग फोमच्या बुटक्या ठोकळ्यावर हात टेकून फक्त पाय पलीकडे न्यायचे. शेवटी दोन गाद्या उभ्या करून मधल्या गल्लीतून कार्टव्हील. पाय बाजूने गेला की गादी धाडकन पडते, मला तोंड उघडावं लागत नाही. दुसऱ्या आठवड्यात आईने विचारलं, "ताई, ती शिकलेलं विसरतेय का?" म्हटलं, विसरायलाच तर लावलंय. पी हळद आणि हो गोरी असं इथे चालत नाही. चुकीची कार्टव्हील दिवसाला पन्नास वेळा केली की चूकच पक्की होते. रील बघून घरच्या फरशीवर ‘सराव’ करणाऱ्यांना हे कितीदा सांगायचं?

बाकीच्या चुका किरकोळ, पण रोजच्या. कोपर वाकणं: हातांवर उभं राहण्याची ताकद नाही, आधी ती आणा. हनुवटी छातीला लावणं: नजर हातांवर ठेवा. दोन्ही पाय एकदम टेकणं: ती राउंडऑफची (कार्टव्हीलसारखीच, पण दोन्ही पाय जोडून उतरायची कसरत) सवय, दोन्हींची खिचडी करू नका. मनगटं गरम न करता सुरुवात करणं: माझ्याकडे करून बघा. आणि मनगट दुखत असेल तर त्या दिवशी हात टेकायचे नाहीत, मूल कितीही ‘मी ठीक आहे’ म्हणालं तरी.

‘आवडत्या’ बाजूलाच करणं हीही एक. मी दोन्ही बाजूंनी करून घेते, नावडती बाजू आधी. गंमत म्हणजे नावडत्या बाजूला वाईट सवयी नसतात, त्यामुळे बऱ्याच मुलांची तीच लवकर सुधारते.

2016 साली रिओ ऑलिंपिकला आपली जिम्नॅस्ट दीपा कर्माकर व्हॉल्टमध्ये (धावत येऊन टेबलावर हात टेकून घ्यायची उडी) चौथी आली, पदक 0.150 गुणांनी हुकलं. त्यानंतर सहा वर्षांच्या मुलांचे पालक मला विचारायला लागले, "प्रोदुनोव्हा कधी शिकवणार?" म्हणजे दीपाची ती अतिशय अवघड व्हॉल्ट. मी त्यांना बीम, म्हणजे तोल सांभाळत कसरत करायची अरुंद पट्टी, दाखवायची. रुंदी 10 सेंटिमीटर, जमिनीपासून उंची 125 सेंटिमीटर. याच्यावरही कार्टव्हील करतात, म्हणायची, आणि मॅटवर तेवढ्याच अंतरावर दोन रेघा मारून मुलाला पाठवायची. ठसे रेघांच्या बाहेर किती पडले ते पालकांनीच मोजायचे.

त्या मुलीचे ठसे आत यायला साडेतीन महिने लागले. डावा हात अजूनही कधीकधी घाईत पडतो.