लग्न, चित्ररथ आणि दुकानाचा फलक: कुठली फाइल कशात काढायची

बेळगावच्या शहापुरात माझं एडिटिंगचं दुकान आहे. शिकायला येणारी मुलं एक्स्पोर्टपाशी आली की विचारतात, "ताई, फॉरमॅट कुठला ठेवू?" माझा उलटा प्रश्न ठरलेला असतो: ही फाइल शेवटी लागणार कुठे? टीव्हीला, मोबाइलवर, डॉल्बीवर की बॅनरवाल्याच्या मशीनला? ते ठरल्याशिवाय एक्स्पोर्टच्या बटणाला हात लावायचा नाही.

लग्नाचा व्हिडिओ आपल्याकडे अजूनही पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावतात. त्यासाठी एमपी४ घ्या; तो नुसता डबा, आत एच.२६४ पद्धतीने दाबलेला, म्हणजे कमी जागेत बसवलेला व्हिडिओ आणि एएसी पद्धतीने दाबलेला आवाज. एच.२६४ हे २००३ सालापासून आहे, त्यामुळे बऱ्याच जुन्या टीव्हींनाही ते चालतं. त्याच्या नंतरच्या एच.२६५ मध्ये तोच दर्जा जवळपास निम्म्या जागेत बसतो, हे खरं. पण खानापूरकडच्या एखाद्या घरात पाहुणे जमलेत, आजी चष्मा पुसून बसलीय आणि टीव्हीतून नुसता आवाज येतोय, पडदा काळा, ही वेळ कुणावर येऊ नये. गिऱ्हाइकाला मी एच.२६४ च देते.

बिटरेट म्हणजे व्हिडिओच्या एका सेकंदाला किती डेटा लागतो ते. त्याचा हिशोब हाताने करायला शिका. सेकंदाला ८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट, तासाला ३,६०० मेगाबाइट, म्हणजे ३.६ जीबी. फुल एचडीला घरच्या टीव्हीसाठी एवढं पुरतं. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जातच नाही, मग तो ६४ जीबीचा का असेना. एक्सफॅट या नव्या पद्धतीने केला तर काही टीव्ही तो वाचत नाहीत. म्हणून हळद, लग्न, वरात असे तासाच्या आतले भाग करा. मामाला वरातीतला स्वतःचा नाच बघायचा असेल तर तोही पटकन सापडतो.

फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, शूटिंगचा असेल तोच ठेवा. २५ चे ३० केले की चालणारी माणसं अडखळल्यासारखी दिसतात.

आपल्याकडे ठेवायची प्रत मात्र वेगळी. प्रोरेस ४२२ या एडिटिंगसाठीच्या, कमी दाबणाऱ्या फॉरमॅटमध्ये फुल एचडी, २५ फ्रेमला तासाला साधारण ५५ जीबी लागतात. एवढी हार्डडिस्क परवडत नसेल तर एच.२६४ च, पण ५० मेगाबिटने काढा. तासाला साडेबावीस जीबी. वर्षभराने कुणी "एवढे दोन शॉट काढून टाका" म्हणत आलं, तर या प्रतीतून नवीन फाइल काढायची. पेनड्राइव्हवरच्या फाइलवर पुन्हा एडिट केलं की आधीच दाबलेलं चित्र आणखी दाबलं जातं, आणि शालूची जर आधी जाते.

आता आवाज. आपल्या वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथांवर सजीव देखावे असतात. संवाद आधीच रेकॉर्ड केलेले असतात आणि मुलं त्यावर अभिनय करतात. एक शब्द विरला तर प्रसंगच पडतो, म्हणून इथे कसूर नको. रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग वेव्हमध्ये, म्हणजे आवाज न दाबणाऱ्या फाइलमध्ये, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला करा. स्टिरिओला मिनिटाला १७ एमबीच्या आसपास जागा लागते, लागू द्या. मिरवणुकीसाठी काढताना फाइल मोनो करा, म्हणजे दोन्ही स्पीकरना एकच आवाज. स्पीकर गाडीच्या दोन बाजूंना, आणि माणूस रस्त्याच्या एकाच कडेला उभा असतो. स्टिरिओत मावळ्याचा आवाज डावीकडे आणि महाराजांचा उजवीकडे ठेवलात, तर निम्म्या गर्दीला एकाचंच बोलणं ऐकू येणार.

डॉल्बीवाल्याकडे वेव्ह चालत नसेल तर एमपी३, पण ३२० केबीपीएसच्या खाली नको. ढोल-ताशाचा तुकडा सलग फिरवायचा असेल तर मात्र एमपी३ टाळाच. त्याच्या सुरुवातीला आणि शेवटी बारीकशी शांतता भरली जाते, दर फेरीला ठेका तुटतो. आणि एमपी३ची वेव्ह करून दर्जा वाढत नाही, फाइल तेवढी फुगते. गेलेला आवाज परत येत नाही.

फोटोंचं सोपं आहे. फोटो असेल तर जेपीजी, अक्षरं किंवा लोगो असेल तर पीएनजी. भगव्या पट्टीवर लाल अक्षरं टाकून जेपीजी करा आणि झूम करून बघा: कडेला मळकट ठिपके दिसतील, लाल रंग बाहेर ओघळलेला दिसेल. जेपीजी रंगाची बारकाई उजेडापेक्षा जास्त कापतं, त्याचा हा परिणाम. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे तो दाबला जात नाही.

दुकानाचा फलक असेल तर पीडीएफ. २०२४ पासून कर्नाटकात कायद्याने फलकावर ६० टक्के कन्नड हवं, खाली आपलं मराठी, म्हणजे एकाच फाइलमध्ये दोन लिप्या. प्रिंटवाल्याकडे तुमचा फॉन्ट नसला की कन्नडची ओत्तक्षरं, म्हणजे जोडाक्षरात खाली लिहिली जाणारी अक्षरं, सुटी पडतात आणि 'महाराष्ट्र'मधला 'ष्ट्र' फुटतो. कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळी अक्षरं निवडून कंट्रोल क्यू दाबा, कर्व्ह होतील, म्हणजे अक्षरांची नुसती चित्रं होतील आणि फॉन्ट लागणार नाही, मग पीडीएफ काढा. रंग सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शाईंचे, ठेवा. कन्नड मजकूर कर्व्ह करण्याआधी नीट वाचणाऱ्या माणसाला दाखवा, आणि कर्व्ह न केलेली फाइल वेगळ्या नावाने जपून ठेवा. कर्व्ह केलेलं अक्षर परत टाइप करून बदलता येत नाही, आणि दुकानाचा फोन नंबर कधी ना कधी बदलतोच.