दम्याचा पंप: श्वासनलिकेतल्या सुजेपर्यंत औषध पोचवायचं कसं

सकाळी गादी झटकली, छाती भरून आली, सालब्युटामॉलचा पंप ओढला, मोकळं वाटलं. मग संध्याकाळी पुन्हा धाप का लागते? कारण ॲलर्जीच्या दम्यात त्रास दोन टप्प्यांत येतो.

गादीच्या धुळीत माइट नावाचे सूक्ष्म जीव असतात. त्यांच्या विष्ठेतली प्रथिनं श्वासनलिकेतल्या डेंड्रिटिक नावाच्या पहारेकरी पेशी उचलतात आणि टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. ॲलर्जी असणाऱ्यांत यातून टीएच-२ नावाच्या, ॲलर्जी चेतवणाऱ्या टी पेशी तयार होतात आणि त्या बी पेशींकडून आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड बनवून घेतात. हे आयजीई श्वासनलिकेतल्या मास्ट पेशींवर जाऊन बसतं. तीच धूळ पुन्हा आली की मास्ट पेशी काही मिनिटांत हिस्टामिन आणि ल्युकोट्राइन ही रसायनं सोडतात, नळ्यांचे स्नायू आवळतात. सालब्युटामॉल हे स्नायू सैल करतं, एवढंच.

खरी सूज साधारण ४ ते ८ तासांनी चढते. टीएच-२ पेशींच्या इंटरल्यूकिन-५ या निरोप्या प्रथिनामुळे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जमतात आणि नळीचं अस्तर दुखावतात. इंटरल्यूकिन-१३मुळे चिकट कफ वाढतो. इथे ब्युडेसोनाइडसारखं सूज उतरवणारं पंपातलं स्टिरॉइडच लागतं, आणि तेही बहुतेकदा रोज. २०१९ पासून ‘गिना’ ही जागतिक मार्गदर्शिकाही नुसत्या सालब्युटामॉलवर भागवू नका असंच सांगते.

पंप हलवून स्पेसरला, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधल्या प्लास्टिकच्या पोकळ नळकांड्याला, लावा. श्वास सावकाश पूर्ण सोडा, तोंडाकडची नळी ओठांत घट्ट धरा, एकच झटका दाबा आणि हळू, खोल श्वास घ्या. १० सेकंद रोखा. दुसरा झटका अर्ध्या ते एक मिनिटाने, पंप पुन्हा हलवूनच. दोन झटके एकदम दाबले तर छातीत औषध कमी जातं. शेवटी चूळ भरून थुंका, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते.

स्पेसर कोमट साबणपाण्यात बुडवून काढा आणि तसाच निथळत ठेवा. फडक्याने पुसला की प्लास्टिकवर स्थिर विद्युत येते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटून बसतं. ही चूक फार घरांत होते.

स्टिरॉइडच्या पंपाचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. ‘पंपाची सवय लागते’ ही भीती निराधार आहे. बरं वाटलं तरी डॉक्टरांना न विचारता तो बंद करू नका. धापेमुळे वाक्य पुरं बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसले, तर सालब्युटामॉल घेत घेतच तातडीने रुग्णालय गाठा.