मॉडेल ९९ टक्के बरोबर येतंय? मग या चुका शोधा

यवतमाळ-अमरावतीकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत शेवटच्या वर्षाला 'डिसीज प्रेडिक्शन'चा, म्हणजे रुग्णांच्या जुन्या नोंदींवरून आजार ओळखणारं संगणकी मॉडेल बनवण्याचा, प्रोजेक्ट दिसतोच. रँडम फॉरेस्ट हा अल्गोरिदम (शिकायची पद्धत) घ्यायचा की एक्सजीबूस्ट, यावर पोरं तास-तास वाद घालतात. हा वाद शेवटी घातला तरी चालतो. मॉडेल रोग शिकत नसतं, दवाखान्यातलं रजिस्टर भरणाऱ्यांच्या सवयी शिकत असतं. बहुतेक चुका तिथूनच येतात.

उत्तर प्रश्नातच लपलेलं असतं

ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक, आणि ती आनंद देते म्हणून सापडत नाही. सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होतात तो आनुवंशिक आजार) ओळखणारं मॉडेल बनवलं, अचूकता ९९ टक्के आली, की पेढे वाटायच्या आधी कोणते रकाने वापरले ते बघा. औषधांच्या रकान्यात हायड्रॉक्सियुरिया हे सिकलसेलवरचं औषध असेल, तर त्या रुग्णाचं निदान डॉक्टरांनी आधीच केलेलं आहे. मॉडेलने फक्त चिठ्ठी वाचली. 'रेफर केले', 'रक्त चढवले', पुढच्या भेटीची तारीख हेही रकाने तसेच. प्रत्येक रकान्याला एकच प्रश्न विचारा: रुग्ण पहिल्यांदा दारात आला तेव्हा ही माहिती हातात होती का? नसेल तर रकाना काढा. अचूकता धाडकन खाली येईल, पण तोच खरा आकडा.

याच जातीची दुसरी चूक म्हणजे एकच रुग्ण ट्रेनिंगमध्येही (ज्या नोंदींवर मॉडेल शिकतं) आणि टेस्टमध्येही (ज्यांवर त्याची परीक्षा होते). सिकलसेलचा रुग्ण वर्षात अनेकदा येतो. नाव एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत, आडनाव कधी पुढे तर कधी गायब. ओळी वाटू नका, रुग्ण वाटा.

अचूकता बघून खूश होणं

समजा १००० लोकांत आजार १० जणांना आहे. सगळ्यांना 'नाही' म्हणणारं मॉडेलही ९९ टक्के बरोबर ठरतं. आता बरं मॉडेल घ्या: आजारी माणसांपैकी ९० टक्के पकडतं, निरोग्यांपैकी ९० टक्क्यांना बरोबर सोडतं. ते ९ रुग्ण पकडेल आणि सोबत ९९ निरोगी माणसंही. म्हणजे १०८ जणांना पक्क्या तपासणीसाठी जिल्ह्याला पाठवायचं, तेही कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून. त्यामुळे अहवालात अचूकता नको. किती रुग्ण सुटले आणि किती जणांना उगाच फिरवलं, हे दोन आकडे लिहा.

शून्य म्हणजे रिकामं

मधुमेहाचा शिकवणीतला प्रसिद्ध डेटासेट अमेरिकेतल्या पिमा समाजाच्या ७६८ महिलांचा आहे. त्यात ३७४ जणींचं इन्सुलिन शून्य आहे आणि ३५ जणींचा रक्तदाबही शून्य! ती मोजमापं झालीच नव्हती. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एक्सेलमध्येही रिकाम्या जागी शून्य टाकायची सवय असू शकते, हे तपासा. शिवाय त्या डेटावर शिकलेलं मॉडेल इथल्या माणसाला लावू नका. भारतीयांना कमी बीएमआयलाही (उंचीच्या मानाने वजन) मधुमेह होतो.

हिमोग्लोबिनचा रकाना तर जपूनच हाताळावा. साहलीच्या पद्धतीत डोळ्यांनी रंग जुळवतात, सेल काउंटर यंत्राने मोजतो. दोन्ही आकडे एकाच रकान्यात असतील तर 'कशावर मोजलं' हा वेगळा रकाना हवा.

जे हवं ते लिहिलेलंच नसतं

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना अनेक शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली, काहींचे जीव गेले. अशी विषबाधा ओळखणारं मॉडेल करायला घ्या. रजिस्टरात व्यवसायापुढे 'शेती' असतं, तेही जवळपास सगळ्यांच्याच. त्यातून काय कळणार? गेल्या एक-दोन दिवसांत फवारणी केली का, कोणतं कीटकनाशक, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झाल्यात का, घाम-लाळ सुटलीय का, हे कुठेच नसतं. मग मॉडेल महिन्यावरून अंदाज बांधतं आणि ऐन पावसाळ्यातल्या प्रत्येक उलटीला विषबाधा म्हणतं. अशा वेळी अल्गोरिदम बदलून काही होत नाही. ओपीडीच्या कागदावर दोन प्रश्न वाढवून घ्या. सिकलसेलचंही तेच. वेदनेचा झटका 'अंगदुखी' म्हणून नोंदला जातो आणि माणूस वेदनाशामक घेऊन घरी जातो.

ज्याला उत्तर मानलं तेच चुकीचं

गडचिरोलीतला मलेरियाचा डेटा घेताना रॅपिड किटचा निकाल डोळे झाकून मानू नका. फाल्सिपेरम या जातीच्या मलेरियाचं, एचआरपी-२ हे जंतूचं प्रथिन शोधणारं किट उपचारानंतरही काही आठवडे पॉझिटिव्ह दाखवू शकतं. तोच माणूस महिनाभरात परत आला असेल तर रक्तपट्टीचा (सूक्ष्मदर्शकाखाली रक्त पाहून केलेल्या तपासणीचा) निकाल शोधा, तो निकाल नसेल तर ती नोंद बाजूला ठेवा. सिकलसेलची सोल्युबिलिटी चाचणीही तशीच: ती सिकल हिमोग्लोबिन आहे एवढंच सांगते, वाहक कोण आणि रुग्ण कोण ते नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणी लागते.

नाव पुसलं म्हणजे झालं

नाही झालं. मेळघाटातल्या लहान गावाचं नाव, मुलीचं वय आणि 'सिकलसेल' एवढ्यावर अख्खं गाव तिला ओळखतं, आणि पुढे लग्नाच्या बोलणीत ते निघतं. डेटा कॉलेजच्या लॅपटॉपवर येण्याआधीच गावाच्या जागी तालुका आणि वयाच्या जागी वयोगट टाका.